विजेता लढला कुणाशी? लॅरी होम्सच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुष्टियुद्धातील एखाद्या विजेत्याचे नाव निघाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण तो लढला कुणाशी?" कुस्तीच्या फडातील जुनी माणसेही पैलवानाचे कौतुक ऐकले की त्याची जोड कुणाशी लागली होती हे आधी विचारतात, त्यामुळे या प्रश्नामागची भावना मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुढील उत्तरांत हा प्रश्न प्रामुख्याने अमेरिकेचा हेवीवेट विजेता लॅरी होम्स याच्या संदर्भात घेतला आहे, आणि जिथे तुलना आवश्यक आहे तिथे जो लुई, रॉकी मार्सियानो, मुहम्मद अली आणि माइक टायसन यांचे दाखले दिले आहेत.

विजय-पराभवांचा आकडा पुरेसा का नाही?

मुष्टियुद्धात सर्वांना बांधून ठेवणारे वेळापत्रक नसते. क्रिकेटमध्ये कुणाशी खेळायचे हे मंडळे ठरवतात आणि टेनिसमध्ये सोडत निघते, पण व्यावसायिक बॉक्सरची पुढची लढत त्याचा व्यवस्थापक, आयोजक, दूरचित्रवाहिनी आणि विजेतेपदाचा पट्टा देणारी संघटना यांच्या वाटाघाटीतून ठरते. होतकरू बॉक्सरला सुरुवातीच्या लढतींत जाणूनबुजून हलके प्रतिस्पर्धी दिले जातात, आणि त्यात गैर असे काही नाही, कारण पोर घडवायचे तर आधी त्याच्या पेलवेल तेवढेच ओझे द्यावे लागते. मात्र त्यामुळे होते असे की तीस लढतींत तीस विजय हा आकडा एकाच्या बाबतीत अफाट कर्तृत्व सांगतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत केवळ व्यवस्थापकाची हुशारी. समोर कोण होते हे पाहिल्याशिवाय या दोघांतला फरक कळत नाही.

या प्रश्नासाठी लॅरी होम्सच का निवडला?

कारण त्याच्या बाबतीत हा निकष सर्वांत जास्त वेळा आणि, माझ्या मते, सर्वांत जास्त निष्काळजीपणे वापरला गेला आहे.

होम्सचा जन्म १९४९ साली जॉर्जिया राज्यातील कथबर्ट येथे झाला आणि तो पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावी वाढला. त्याच राज्यातील डीअर लेक येथे अलीचे सराव शिबिर होते आणि होम्स तेथे अलीचा सरावातील जोडीदार म्हणून राबला. ९ जून १९७८ रोजी लास व्हेगासमध्ये केन नॉर्टनला पंधरा फेऱ्यांत निसटते हरवून त्याने वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचे, म्हणजे डब्ल्यूबीसीचे, विजेतेपद मिळवले आणि सप्टेंबर १९८५ पर्यंत तो विजेता राहिला. या सव्वासात वर्षांत त्याने विजेतेपद वीस वेळा राखले असे सांगितले जाते. १९८३ मधील मार्विस फ्रेझरविरुद्धच्या लढतीला डब्ल्यूबीसीने विजेतेपदाची लढत म्हणून मान्यता दिली नव्हती, ती वगळली तर ही संख्या एकोणीस होते. कसेही मोजले तरी हेवीवेट गटात त्याच्यापुढे फार थोडी नावे आहेत.

तरीही त्याच्याविषयीचे वाक्य गेली चार दशके जवळपास तेच राहिले आहे: अली, जो फ्रेझर आणि जॉर्ज फोरमन यांचा काळ संपला होता, टायसनचा काळ यायचा होता, आणि मधल्या रिकाम्या जागेत होम्स राज्य करून गेला. हे वाक्य कितपत खरे आहे ते पुढे पाहू.

प्रतिस्पर्ध्याचा दर्जा मोजायचा कसा? त्याचे नाव पुरेसे नाही का?

नाव हा सर्वांत फसवा पुरावा आहे, कारण नाव टिकून राहते आणि शरीर टिकत नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये मार्सियानोने जो लुईला आठव्या फेरीत दोरांपलीकडे पाडले. कागदावर हा मुष्टियुद्धाच्या इतिहासातील एका थोर खेळाडूवरचा विजय आहे, पण त्या रात्रीचा लुई सदतीस वर्षांचा होता आणि कराच्या थकबाकीपायी रिंगणात परत आला होता. नोव्हेंबर १९६६ मध्ये अलीने ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवले, आणि अलीचा सर्वोत्तम खेळ म्हणून आजही अनेक जाणकार याच लढतीकडे बोट दाखवतात. तो खेळ खरोखरच अप्रतिम होता. पण दोनच वर्षांपूर्वी टेक्सासमध्ये एका पोलिसाची गोळी विल्यम्सच्या पोटात घुसली होती आणि त्यात त्याने एक मूत्रपिंड गमावले होते. तेव्हा ती लढत अलीचे पाय आणि हात किती वेगवान होते हे सांगते. तो किती मोठ्या प्रतिस्पर्ध्याला हरवू शकत होता हे कळण्यासाठी तिचा उपयोग नाही.

मी स्वतः एखाद्या लढतीचे वजन करताना वहीत चार रकाने आखतो: त्या दिवशी प्रतिस्पर्ध्याचे वय आणि शरीराची झीज, त्याआधीच्या दोन वर्षांत त्याने काय केले, दोघांच्या वजनातील तफावत, आणि त्या लढतीनंतर त्याचे काय झाले. चौथा रकाना बहुतेक जण भरतच नाहीत, आणि होम्सवर अन्याय होतो तो नेमका तिथेच.

उदाहरणार्थ, ११ जून १९८२ रोजी होम्सने तेराव्या फेरीत हरवलेला जेरी कूनी घ्या. लढतीआधी त्याच्या नावावर पंचवीस विजय होते आणि एकही पराभव नव्हता. त्यात जिमी यंग, रॉन लाइल आणि केन नॉर्टन ही वजनदार नावेही होती. पण ही तिन्ही माणसे कूनीसमोर आली तेव्हा उताराला लागली होती, नॉर्टनला तर त्याने मे १९८१ मध्ये एका मिनिटाच्या आत संपवले होते, आणि त्यानंतर तेरा महिने कूनी रिंगणात उतरलाच नव्हता. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा दर्जा तपासताना त्या प्रतिस्पर्ध्याच्या प्रतिस्पर्ध्यांचाही दर्जा पाहावा लागतो. कूनी ताकदवान होता आणि त्याच्यावरचा विजय भरीवच आहे. फक्त त्या लढतीभोवती जो गाजावाजा झाला, त्यातला मोठा भाग गोऱ्या आव्हानवीराच्या विक्रीसाठी होता हे विसरू नये.

मग १९८० मध्ये अलीवर मिळवलेला विजय होम्सच्या खात्यात धरायचा का?

नाही. २ ऑक्टोबर १९८० रोजी अली अडतीस वर्षांचा होता, दोन वर्षे लढला नव्हता, थायरॉइडचे औषध घेत होता आणि वजन उतरवून बाहेरून तेवढा तरुण दिसत होता. दहा फेऱ्यांनंतर प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवली, आणि तोवर अलीच्या बाजूने एकही फेरी गेली नव्हती. होम्सच्या मोठेपणात या रात्रीने कणभरही भर पडत नाही, आणि होम्सलाही ते ठाऊक होते. ज्याच्याकडून तो शिकला त्याला मारताना त्याचा हात आखडत होता हे चित्रफितीत दिसते, आणि लढतीनंतर तो रडला.

मात्र उलट बाजूने होणारा अन्यायही सांगितला पाहिजे. लोकांच्या मनात ही रात्र होम्सचे अपयश म्हणून राहिली, जणू अलीला म्हातारा त्यानेच केले. लढत शून्य गुणांची असेल तर ती शून्यच धरावी, तिच्यासाठी उणे गुण देऊ नयेत.

होम्सचा काळ दुबळा होता, हे खरे आहे ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून येथे थोडे थांबू.

२२ जून १९७९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होम्ससमोर माइक वीव्हर उभा होता. वीव्हरच्या नावावर अनेक पराभव होते आणि लढत एकतर्फी होणार असे गृहीत धरले गेले होते. प्रत्यक्षात वीव्हरने होम्सला मधल्या फेऱ्यांत दोरांवर रेटले, होम्सचा जॅब, म्हणजे पुढच्या डाव्या हाताचा झटपट सरळ ठोसा, अंगावर घेत आत शिरून बरगड्यांवर आणि जबड्यावर ठोसे दिले, आणि प्रेक्षक वीव्हरच्या नावाने ओरडू लागले. अकराव्या फेरीच्या अखेरीस होम्सने खालून वर आणलेल्या एका उजव्या ठोशाने त्याला पाडले आणि बाराव्या फेरीत लढत थांबली. तेव्हा निष्कर्ष काढला गेला तो असा की एका सामान्य माणसासमोर होम्सची दमछाक झाली.

आता चौथा रकाना भरू. ३१ मार्च १९८० रोजी याच वीव्हरने वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनचा, म्हणजे डब्ल्यूबीएचा, विजेता जॉन टेट याला त्याच्याच गावात, नॉक्सव्हिलमध्ये, पंधराव्या फेरीत लढत संपायला मिनिटभरही उरले नसताना बेशुद्ध पाडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने दक्षिण आफ्रिकेच्या गेरी कोएट्झीला तेराव्या फेरीत हरवले. तेव्हा जून १९७९ चा वीव्हर पुढच्याच वर्षी जगज्जेता झालेला माणूस होता. त्याचा दर्जा लोकांना दिसला नव्हता एवढेच.

वीव्हर एकटा असता तर योगायोग म्हणता आले असते. होम्सने एप्रिल १९८१ मध्ये पंधरा फेऱ्यांत हरवलेल्या ट्रेव्हर बर्बिकने आधीच टेटला बाद केले होते, आणि मार्च १९८६ मध्ये तो पिंकलन थॉमसला हरवून डब्ल्यूबीसीचा विजेता झाला. मे १९८३ मध्ये होम्सने विभागलेल्या कौलाने (दोन पंच बाजूने, एक विरुद्ध) हरवलेला टिम विदरस्पून पुढच्या वर्षी डब्ल्यूबीसीचा आणि १९८६ मध्ये डब्ल्यूबीएचा विजेता झाला. नोव्हेंबर १९८४ मध्ये बाराव्या फेरीत थांबवलेल्या जेम्स 'बोनक्रशर' स्मिथने डिसेंबर १९८६ मध्ये त्याच विदरस्पूनला पहिल्या फेरीत झोपवून डब्ल्यूबीएचा पट्टा घेतला. विजेतेपद राखताना हरवलेल्यांपैकी चार जण नंतर विजेते झाले, आणि तेही होम्सने त्यांना घाम फोडून झाल्यावर.

आणखी एक गोष्ट कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहण्यासारखी आहे. टायसनने तिन्ही संघटनांचे पट्टे एकत्र केले ते १९८६-८७ मध्ये बर्बिक, स्मिथ आणि टोनी टकर यांना हरवून. त्यातले दोघे होम्सने आधीच हरवलेले होते. टायसनच्या नावावर जी नावे वैभव ठरतात, तीच होम्सच्या नावावर 'दुबळा काळ' कशी ठरतात, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही.

प्रतिस्पर्ध्याला नंतर मिळालेले यश आधीच्या लढतीला लावणे योग्य आहे का?

सावधपणे लावल्यास योग्य आहे. १९८१ चा बर्बिक आणि १९८६ चा बर्बिक हे एकच नव्हेत, आणि पाच वर्षांत माणूस सुधारतोही. म्हणून अंतर जितके कमी तितका हा पुरावा बळकट: वीव्हरच्या बाबतीत ते नऊ महिन्यांचे आहे आणि विदरस्पूनच्या बाबतीत दहा महिन्यांचे. स्मिथच्या बाबतीत दोन वर्षांहून अधिक आहे, तेव्हा तिथे हात आखडून गुण द्यावेत.

उलटा प्रकारही घडतो. जून १९८१ मध्ये होम्सने तिसऱ्या फेरीत संपवलेला लिऑन स्पिंक्स हा अलीला हरवलेला माजी विजेता होता, पण दोन वर्षांपूर्वीच कोएट्झीने त्याला पहिल्या फेरीत बाद केले होते. नाव मोठे, लक्षण खोटे. ज्यांची नावे यादीत शोभतात अशा प्रतिस्पर्ध्यांपेक्षा वीव्हरसारख्यांवरचे विजय मी जास्त मोलाचे मानतो.

होम्सने काही तगडे प्रतिस्पर्धी टाळले का?

होय, आणि त्याच्या बाजूने लिहिणाऱ्याने हे सर्वांत आधी कबूल केले पाहिजे. त्याच्या कारकिर्दीत विजेतेपद दोन संघटनांत विभागलेले होते, आणि दुसऱ्या बाजूचे विजेते, म्हणजे टेट, वीव्हर, मायकेल डोक्स आणि कोएट्झी, यांच्याशी एकीकरणाची लढत कधीच झाली नाही. कोएट्झीशी १९८४ मध्ये ठरलेली लढत पैशाअभावी फिसकटली. डब्ल्यूबीसीने ग्रेग पेजशी लढण्याचा आग्रह धरला तेव्हा मोबदल्यावरून वाद झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये होम्सने पट्टाच सोडला आणि नव्याने स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनचे विजेतेपद स्वीकारले. त्याच वर्षात तो लुसिएन रॉड्रिगेझ आणि स्कॉट फ्रँक यांच्याशी आणि केवळ दहा लढतींचा अनुभव असलेल्या मार्विस फ्रेझरशी लढला. ही निवड समर्थनीय नाही.

पण टाळलेल्या माणसाचाही दर्जा मोजावा लागतो. पेज मार्च १९८४ मध्ये विदरस्पूनकडून आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेव्हिड बे याच्याकडून हरला, आणि या दोघांनाही होम्सने हरवले आहे. तेव्हा पेजची अनुपस्थिती मला फारशी टोचत नाही. टोचते ती पिंकलन थॉमसची. १९८४-८५ मधला थॉमस, त्याचा ताठ डावा जॅब आणि त्याच्यासमोर होम्सचा जॅब, ही त्या दशकातली न झालेली सर्वांत मोठी लढत होती असे मला वाटते. वीव्हरशी, विशेषतः तो विजेता झाल्यावर, दुसरी लढत व्हायला हवी होती. विदरस्पूनशीही व्हायला हवी होती, कारण पहिल्या लढतीचा कौल अनेकांना आजही पटत नाही.

अपराजित राहणे हे मोठेपणाचे लक्षण नाही का?

ते एक लक्षण आहे. मार्सियानो एकोणपन्नास लढती जिंकून, एकही न हरता, निवृत्त झाला, आणि त्या आकड्याला हेवीवेट गटात देवत्व आले. त्याने जर्सी जो वॉलकॉट, एझर्ड चार्ल्स आणि आर्ची मूर यांना हरवले. ही खरीखुरी मोठी नावे आहेत, पण विजेतेपद घेतले तेव्हा वॉलकॉट अडतीस वर्षांचा होता, आणि मूर चाळिशीच्या आसपास. चार्ल्स तिशीत होता, पण त्याची सर्वोत्तम वर्षे हेवीवेटहून हलक्या, लाइट हेवीवेट गटात खर्ची पडली होती. मार्सियानोच्या वेळेला जे होते त्यांच्याशी तो लढला, आणि हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तीच सवलत होम्सला मात्र दिली जात नाही.

आकड्याचे ओझे होम्सने स्वतःही वाहिले. २१ सप्टेंबर १९८५ रोजी तो अठ्ठेचाळीस विजय आणि शून्य पराभव घेऊन मायकेल स्पिंक्ससमोर उतरला, आणि मार्सियानोची शेवटची, मूरविरुद्धची लढत बरोबर तीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला झाली होती. होम्स पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर हरला. त्यानंतर रागाच्या भरात तो मार्सियानोविषयी बोलू नये ते बोलला, आणि लोकांनी त्याच्या सात वर्षांपेक्षा ते एक वाक्य अधिक काळ लक्षात ठेवले.

मायकेल स्पिंक्सकडून झालेला पराभव किती गंभीर मानावा?

गंभीर मानावा, पण कारण समजून. स्पिंक्स हा लाइट हेवीवेट गटाचा निर्विवाद विजेता होता, आणि त्या गटाच्या विद्यमान विजेत्याने हेवीवेट विजेतेपद जिंकल्याचे त्याआधी कधीच घडले नव्हते. बिली कॉन, आर्ची मूर आणि बॉब फॉस्टर यांच्यासारखे लोक त्यात अपयशी ठरले होते. म्हणजे होम्स अंगाने लहान पण अत्यंत कुशल माणसाकडून हरला. एप्रिल १९८६ मधली दुसरी लढतही पंचांनी विभागलेल्या कौलाने स्पिंक्सला दिली. ती मी दोनदा गुण मांडत पाहिली आहे आणि दोन्ही वेळा माझ्या वहीत होम्स पुढे राहिला.

त्याआधीच घसरण सुरू झाली होती. मे १९८५ मध्ये कार्ल विल्यम्सविरुद्ध त्याचा डावा हात पूर्वीसारखा परत येत नव्हता, आणि तरुण विल्यम्स त्याच्या जॅबवरून जॅब मारत होता. तो विजय नोंदवहीत विजय आहे, पण माझ्या हिशेबात जेमतेम.

जो लुईचे प्रतिस्पर्धीही दुबळे होते असे म्हणतात. मग त्याला वेगळा न्याय का?

लुईने १९३७ ते १९४९ या काळात पंचवीस वेळा विजेतेपद राखले. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत तो दर महिन्याला एक याप्रमाणे सात जणांशी लढला, आणि वृत्तपत्रांनी त्या मालिकेला हिणवणारे नाव ठेवले. पण त्या मालिकेतला सातवा माणूस बिली कॉन होता, जो बारा फेऱ्यांनंतर गुणांत पुढे होता आणि तेराव्या फेरीत बाद झाला. शिवाय लुईच्या खात्यात मॅक्स श्मेलिंग, मॅक्स बेअर, प्रिमो कार्नेरा, जॅक शार्की, जेम्स ब्रॅडॉक आणि जर्सी जो वॉलकॉट असे सहा विजेते आहेत, काही माजी, एक तेव्हाचा आणि एक भावी. लुईला झुकते माप मिळते ते या यादीमुळे, आणि ते योग्य आहे. सातत्याने लढत राहणाऱ्या विजेत्याच्या यादीत हलकी नावे येणारच. वर्षातून एकदा लढणाऱ्याची यादी दिसायला स्वच्छ असते, पण तो लुईइतक्या वेळा पणाला लागलेला नसतो.

अलीकडच्या विजेत्यांना हाच निकष लावता येतो का?

लावता येतो. फ्लॉइड मेवेदरच्या पन्नास विजयांतील पन्नासावा ऑगस्ट २०१७ मध्ये कॉनर मॅकग्रेगरविरुद्धचा आहे, आणि मॅकग्रेगरची ती पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत होती. त्या लढतीला शून्य गुण. मॅनी पॅकियावविरुद्धची मे २०१५ मधली लढत पाच वर्षे उशिरा झाली. पण सप्टेंबर २०१३ मध्ये छत्तीस वर्षांच्या मेवेदरने तेवीस वर्षांच्या, अपराजित आणि अंगाने मोठ्या कॅनेलो अल्वारेझला ज्या रीतीने निष्प्रभ केले, त्या लढतीचे मोल अल्वारेझने पुढे केलेल्या कर्तृत्वामुळे दरवर्षी वाढतच गेले.

होम्सच्या उतारवयातील लढती धरायच्या की नाही?

प्रत्येकीचे स्वतंत्र वजन करावे. जानेवारी १९८८ मध्ये टायसनने त्याला चौथ्या फेरीत थांबवले तेव्हा होम्स अडतीस वर्षांचा होता आणि जवळपास दोन वर्षे लढला नव्हता. १९८० च्या अलीवरचा विजय होम्सला देत नसू, तर १९८८ च्या होम्सवरचा विजयही टायसनला पूर्ण मापाने देता येत नाही. संपूर्ण कारकिर्दीत त्याला मुदतीआधी हरवणारा टायसन एकटाच, एवढी नोंद मात्र ठेवावी.

फेब्रुवारी १९९२ मधली रे मर्सरविरुद्धची लढत वेगळी आहे. मर्सर सोल ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता होता, अठरा लढतींत अपराजित होता आणि चार महिन्यांपूर्वी त्याने टॉमी मॉरिसनला दोरांवर निश्चल केले होते. बेचाळीस वर्षांच्या होम्सने बारा फेऱ्या कोपऱ्यात पाठ टेकवून, खांद्याने ठोसे घसरवून आणि मधूनच तो जुना जॅब काढून त्याला गुणांवर हरवले. वयाचा रकाना येथे उलट्या बाजूने भरावा लागतो.

मग हेवीवेट इतिहासात होम्सचे स्थान कोणते?

माझ्या वहीत अली आणि लुई यांच्या खाली, आणि मार्सियानोच्या वर. अली वर आहे कारण सॉनी लिस्टन, जो फ्रेझर, जॉर्ज फोरमन आणि नॉर्टन यांच्या तोडीची चौकडी होम्सला मिळाली नाही. न मिळालेल्या प्रतिस्पर्ध्यांवरचे विजय कुणाच्याही खात्यात घालता येत नाहीत, त्यात त्याचा दोष नसला तरी. थॉमसशी आणि पुन्हा एकदा वीव्हरशी लढला असता तर हे अंतर बरेच कमी झाले असते.

त्याची एकच लढत पाहायची असेल तर कोणती पाहावी?

केन नॉर्टनविरुद्धची. नॉर्टन तेव्हा चौतीस वर्षांचा होता, त्याने १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडला होता, आणि शरीराने अजून भक्कम होता. चारही रकाने भरून पाहिल्यास होम्सचा हा सर्वांत मोठा विजय ठरतो. पहिल्या फेऱ्यांत होम्सचा जॅब नॉर्टनचे डोके सतत मागे फेकताना दिसेल, मधल्या फेऱ्यांत नॉर्टन आडवे हात समोर धरून आत घुसताना दिसेल, आणि चौदा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर दोघे बरोबरीत असतील. पंधरावी फेरी सुरू होण्यापूर्वी आवाज बंद करावा आणि कागदपेन्सिल घेऊन ती फेरी स्वतः मोजावी. दोन पंचांनी ती होम्सला दिली, एकाने नॉर्टनला, आणि तिन्ही कागदांवर शेवटचा आकडा १४३-१४२ असा होता.